दान, भाग आणि कर्ज : केनियातील नवउद्योगांची खाती

स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ आणि पैशाला ‘पेसा’ म्हणतात. आपल्या ‘दुकान’ आणि ‘पैसा’ या शब्दांशी त्यांचे नाते उघड आहे; हिंदी महासागरातील व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. जामनगरच्या हालार भागातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केनियात गेलेली वीसा ओसवाल कुटुंबे तेथे आजही व्यापारउदीम करीत आहेत. नैरोबी आणि मोम्बासा येथे जिनालये उभी आहेत. तेव्हा तंत्रज्ञानातील नव्या उद्योगांना विकसनशील देशात आधार कसा मिळतो आणि कसा फसतो, हे पाहण्यासाठी केनियाचे उदाहरण या मासिकाच्या वाचकांना अगदीच परके वाटू नये.

हा प्रश्न आता घरोघरी आला आहे. जितोच्या एंजल नेटवर्कसारख्या व्यासपीठांमुळे स्टार्टअपमध्ये पैसे गुंतविण्याची चर्चा पेढीवरून जेवणाच्या पाटापर्यंत पोहोचली आहे. मुलगा म्हणतो, ‘पप्पा, चांगली कंपनी आहे, पैसे घालू या.’ वडील विचारतात, ‘व्याज किती?’ दोघेही एकाच रकमेविषयी बोलत असतात, पण दोन निरनिराळ्या खात्यांविषयी. मतभेद होतो तो बहुधा येथेच.

केनियातील ‘एम-पेसा’ ही मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सेवा मार्च 2007 मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी नैरोबीत कामाला आलेला माणूस गावी पैसे पाठविताना बसचालकाच्या किंवा गावाकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती रोकड देत असे. बँकांच्या शाखा थोड्या होत्या आणि खेड्यांपासून दूर होत्या. व्होडाफोन कंपनीतील काही अधिकाऱ्यांना या क्षेत्रात काही करावेसे वाटत होते. परंतु ज्या सेवेतून उत्पन्न येईल की नाही हेच ठाऊक नाही, तिच्यासाठी कंपनीच्या अंदाजपत्रकात पैसा मिळणे कठीण होते. तेव्हा ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याच्या निधीतून सुमारे 10 लाख पौंडांचे अनुदान मिळाले आणि तेवढाच भार व्होडाफोनने स्वतः उचलावा अशी अट होती. ऑक्टोबर 2005 मध्ये सफारीकॉम या तेथील मोबाइल कंपनीच्या साहाय्याने लहान प्रमाणावर चाचणी सुरू झाली.

या चाचणीचा मूळ हेतू वेगळाच होता. सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या लोकांनी आपले हप्ते मोबाइलवरून भरावेत, एवढीच कल्पना होती. प्रत्यक्षात लोक एकमेकांना पैसे पाठवू लागले आणि प्रवासाला निघताना खिशात रोकड नको म्हणून ती फोनवर ठेवू लागले. हप्त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेची कार्यपद्धती मात्र या नव्या रीतीशी जुळेना. शेवटी कर्जफेडीची मूळ कल्पना बाजूला ठेवून घरी पैसे पाठविण्याची सेवा म्हणून तीच योजना बाजारात आणली गेली. हा पैसा कर्जाचा असता तर काय झाले असते? अर्ज हप्तेवसुलीचा, मंजुरी हप्तेवसुलीची. मध्येच हेतू बदलला म्हणून कोणत्याही कर्जदात्याने हात आखडता घेतला असता आणि नियमाने ते योग्यही ठरले असते. अनुदानाच्या पैशाला चुकण्याची मुभा होती. कल्पना कुठे लागू पडते हे कळण्याआधीच्या काळात उद्योगाला हाच पैसा मानवतो.

एम-पेसा ही दोन-तीन तरुणांनी भाड्याच्या खोलीत सुरू केलेली कंपनी नव्हती, मोठ्या कंपनीच्या आश्रयाने वाढलेले काम होते, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. पण म्हणूनच बोध अधिक स्पष्ट होतो. एवढ्या सधन कंपनीलाही पहिल्या पावलासाठी परत न मागितला जाणारा पैसा लागला, मग खिसा रिकामा असलेल्या तरुणाची गोष्टच वेगळी.

पुढचे काम दुकानदारांनी केले, आणि व्यापारी कुटुंबातील वाचकाला यातील गंमत चटकन कळेल. एम-पेसाचा एजंट म्हणजे कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. तो आधी स्वतःची रक्कम भरून फोनवरची शिल्लक विकत घेतो. ग्राहकाने रोकड जमा केली की त्याचा गल्ला वाढतो आणि फोनवरची शिल्लक घटते. ग्राहकाने पैसे काढले की उलट होते. म्हणजे दुकानात साखर आणि तांदूळ यांच्या जोडीला आणखी दोन माल आले, रोकड आणि फोनवरची शिल्लक. शहरातील दुकानात रोकड साचते, कारण तेथे लोक भरणा करतात. गावातील दुकानात ती संपते, कारण तेथे लोक काढतात. ज्याला दोन्ही मालांचा अंदाज जमला तो टिकला. ग्राहकाला भरणा विनामूल्य होता, तरी त्या व्यवहाराचे कमिशन कंपनी दुकानदाराला स्वतःच्या पदरातून देत असे. हुंडीचा व्यवहार ज्यांच्या घराण्यात झाला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. एका गावची पत दुसऱ्या गावी वटविण्याचेच हे काम; मुनीमजींच्या सहीऐवजी फोनवर संदेश येतो, इतकेच. तीन वर्षांच्या आत सुमारे 90 लाख ग्राहक झाले.

यात सरकारी आधारही होता, पण तो पैशाचा नव्हे. अशा सेवेसाठी कायदाच नव्हता. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने ‘आक्षेप नाही’ असे पत्र देऊन ती सुरू होऊ दिली आणि तिच्यावर लक्ष ठेवले. ग्राहकांचा सर्व पैसा कंपनीच्या पैशात न मिसळता बँकेतील विश्वस्त खात्यात राहावा, ही व्यवस्था होती. 2008 च्या अखेरीस बँकांच्या तक्रारींनंतर अर्थमंत्र्यांनी तपासणीचा आदेश दिला. बँकांच्या नाराजीत स्वार्थ होता, पण शंका निराधार नव्हती. लाखो लोकांची ठेव बँक नसलेल्या संस्थेकडे जात असेल तर कोणीतरी विचारलेच पाहिजे. तपासणीत व्यवस्था सुरक्षित आढळली. ती तशी आढळली याचे मोठे श्रेय त्या वेगळ्या खात्याला आहे. मंदिराचे विश्वस्तपद सांभाळलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. देवद्रव्याचा एक रुपयाही साधारण खात्यात जाता कामा नये, हा दंडक लहानपणापासून कानावर पडलेला असतो.

हाच दंडक नवउद्योगाला पैसे देताना मात्र विसरला जातो. दान, भाग आणि कर्ज ही तीन द्रव्ये आहेत आणि तिन्हींची खाती वेगळी हवीत. ‘एम-कोपा’ या कंपनीची वाटचाल यासाठी पाहण्यासारखी आहे. 2011 मध्ये नैरोबीत स्थापन झालेल्या या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, निक ह्यूज, एम-पेसाच्या उभारणीत प्रमुख होते. ‘कोपा’ म्हणजे उसने घेणे. ही कंपनी सूर्यप्रकाशावर चालणारे दिवे थोडी रक्कम आगाऊ घेऊन देत असे. उरलेली किंमत ग्राहक सुमारे 40 ते 50 शिलिंगांच्या रोजच्या भरण्याने वर्षभरात फेडीत असे. भरणा एम-पेसातून होई आणि तो थांबला की यंत्र दूरवरूनच बंद होई. रॉकेलच्या दिव्यावर जो रोजचा खर्च होत होता, त्याच पैशात दिवा घरचा झाला. धूर गेला, उघडी ज्योत गेली आणि ज्योतीवर झेपावणारे जीवही वाचले.

या व्यवसायात माल आज द्यायचा आणि पैसा वर्षभर थेंबाथेंबाने यायचा. आरंभी कोण फेडतो आणि कोण बुडवतो हे कळेपर्यंतचा तोटा सोसायला भागधारकांचा पैसाच हवा, कारण भागधारक नफ्याबरोबर तोट्यातही वाटेकरी असतो. परंतु हजारो ग्राहकांच्या भरण्याची नोंद हाती आल्यावर तीच येणी कर्जाला तारण होऊ शकतात. 2013 मध्ये कमर्शियल बँक ऑफ आफ्रिका या केनियातील बँकेच्या पुढाकाराने एम-कोपाला कर्ज मिळाले. स्थापनेनंतर लगेच तेच कर्ज घेतले असते, तर पहिल्याच वर्षीच्या हप्त्यांनी कंपनीचा श्वास कोंडला असता.

कर्ज कोणत्या चलनात आहे, याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. परदेशी संस्था डॉलरमध्ये कर्ज देतात. व्याजाचा दर कमी दिसतो आणि मदत केल्याचे समाधानही मिळते. कंपनीचे उत्पन्न मात्र शिलिंगमध्ये असते. 2021 च्या आरंभी एका डॉलरला सुमारे 110 शिलिंग पडत. जानेवारी 2024 मध्ये सुमारे 160. एक लाख डॉलरचे कर्ज घेतलेल्या कंपनीची मुद्दल तीन वर्षांत 1 कोटी 10 लाख शिलिंगांवरून 1 कोटी 60 लाखांवर गेली, आणि यात व्याज धरलेले नाही. दिव्याचा रोजचा भरणा त्या प्रमाणात वाढविता येत नाही. पुढे 2024 मध्येच शिलिंग सावरून 130 च्या आसपास आला, पण ज्याचा हप्ता जानेवारीत होता त्याला त्याचा काय उपयोग? असा धोका उचलण्यासाठी 2007 मध्ये नेदरलँड्समध्ये ‘टीसीएक्स’ नावाचा निधी मुद्दाम स्थापन झाला आहे. त्याचे संरक्षण फुकट मिळत नाही, आणि ते मूल्य धरले की स्वस्त दिसणारे डॉलरचे कर्ज तितकेसे स्वस्त राहत नाही.

पैसा कमी पडल्याने उद्योग बुडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. चुकीच्या जागी जास्त आल्यानेही बुडतात. ‘कोपिया’ ही 2013 च्या सुमारास केनियात सुरू झालेली कंपनी खेड्यांतील दुकानदारांमार्फत मागणी घेऊन घरगुती माल पोहोचवीत असे. कल्पना उपयुक्त होती आणि परदेशी भागभांडवलही कोट्यवधी डॉलरचे आले. पण पीठ, तेल आणि साबण यांच्या व्यापारात नफा किती पातळ असतो आणि खेड्यातील रस्ता तो किती खातो, हे कोणत्याही किराणा व्यापाऱ्याने सांगितले असते. असा व्यापार वाहतुकीची एकेक फेरी जमवीत हळू वाढतो. भागभांडवलाला मात्र वेग हवा असतो. नवे भांडवल मिळेनासे झाले आणि मे 2024 मध्ये कंपनी प्रशासकांच्या हाती गेली. तिच्या जाळ्यातील दुकानदार आपापल्या जुन्या ठोक विक्रेत्यांकडे परतले असतील, दुसरे करणार काय!

तेव्हा मुलाने कंपनीचे नाव घेतले की ती कंपनी तीनपैकी कोणत्या टप्प्यावर आहे, हे आधी विचारावे. चाचणी चालू असेल तर द्यायची रक्कम दान समजूनच द्यावी आणि वहीतही तशीच लिहावी. भाग घ्यायचा असेल तर व्याजाची भाषा बंद करावी आणि दहा वर्षे त्या पैशाची गरज पडणार नाही एवढीच रक्कम घालावी. कर्ज द्यायचे असेल तर येण्यांची यादी पाहावी. मित्राच्या मुलाला ‘भाग’ म्हणून दिलेली रक्कम दोन वर्षांनी उसनवारी म्हणून परत मागणे, हा प्रकार समाजात इतका रूढ आहे की त्यातून तुटलेली नाती मोजता येणार नाहीत.

याशिवाय एक आधार असा आहे, ज्याला नवे भांडवल लागत नाही. माल-साठ्याचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर करणारी एखादी छोटी कंपनी आपल्याच शहरात असते. तिला गुंतवणूकदारापेक्षा वेळेवर बिल चुकविणारा ग्राहक अधिक उपयोगी पडतो. 2006 च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत देणे बंधनकारक आहे. आकारणी वर्ष 2024-25 पासून प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीने त्याला धारही आली आहे: मुदतीत न दिलेली अशी रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाईल, त्याच वर्षी खर्च म्हणून धरता येते. दिवाळीच्या वहीपूजनाआधी, किंवा त्याहून बरे म्हणजे मार्चअखेरीपूर्वी, देणेकऱ्यांच्या यादीत अशी किती नावे आहेत ते मुनीमजींकडून काढून घ्यावे.