वॉशरची किंमत

विमानाच्या पंखांवरील फ्लॅपच्या भागांची तपासणी व देखभाल कशी व्हावी, यासंबंधीच्या निर्देशांचे मसुदे अमेरिकेची हवाई नियामक संस्था वेळोवेळी प्रसिद्ध करीत असते आणि त्यांवर सामान्यतः 45 दिवस हरकती व सूचना मागविते. तेथे निर्देश कायम झाला, की त्या बनावटीच्या भारतीय विमानांनाही आपले नागरी विमान वाहतूक महासंचालनालय तो पाळावयास लावते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात या दूरच्या कागदांची चिंता कोणी व कशाला करावी, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु मोरव्याच्या धावपट्टीवरून आपल्या मुलामुलींनी वैमानिक होऊन आकाशात झेपावे, अशी आकांक्षा या भूमीने धरली आहे. तेव्हा ही चिंता आपलीही आहे.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हालती फळी. विमान उतरताना ती खाली झुकते आणि वेग कमी असतानाही विमानास हवेचा आधार मिळतो. एका पंखाची फळी झुकली व दुसऱ्याची अडकून राहिली, तर विमान एका अंगावर कलते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हवा विरळ होते, तेव्हा त्या आधाराची गरज अधिकच भासते. आणि पूर्वेकडच्या दाट जंगलावर संकट ओढवले, तर खाली मोकळे रान सापडेलच याचा भरवसा नाही.

मात्र नियम झाला म्हणजे सुरक्षितता आली, असे आम्ही मानीत नाही. 20 ऑगस्ट 2007 रोजी जपानमधील नाहा विमानतळावर चायना एअरलाइन्सचे बोइंग 737 विमान उतरले, थांब्यावर उभे राहिले आणि पेटले. आतील सर्व 165 जण वाचले, हे सुदैव. पंखाच्या पुढच्या कडेवरील हालत्या भागातला एक बोल्ट निखळून इंधनाच्या टाकीत घुसला होता. कारण त्याचा वॉशर जागेवर नव्हता. विशेष हे, की तो वॉशर निसटला तो निष्काळजीपणे टाळलेल्या कामात नव्हे; नट सैल होऊ नये म्हणून उत्पादकाने सुचविलेले काम करतानाच तो निसटला! ती जागा अडचणीची, नजरेआडची. सूचना लिहिणाऱ्यांनी त्या अडचणीचा पुरेसा विचार केला नव्हता आणि काम करणाऱ्यांनी ती वर कळविली नव्हती, असे जपानच्या चौकशीत दिसून आले.

आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. नियम कचेरीत लिहिला जातो. तो पाळला जातो तेलाने माखलेल्या हातांनी. त्या हातांना जे जाणवते ते लेखणीपर्यंत पोहोचले नाही, तर उत्तम नियमही घातक ठरू शकतो. म्हणून मसुद्यावर केवळ कंपन्यांचे नव्हे, तर प्रत्यक्ष पान्याने काम करणाऱ्या मेकॅनिकांचे मत मागविले पाहिजे. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र आहे. तेथील अनुभवी माणसांचे ज्ञान मोरव्यासारख्या लहान धावपट्टीवरील कामगारांपर्यंत पोहोचविणे कठीण नाही. आणि ‘हे विमान आज उडणार नाही’ असे म्हणणाऱ्या मेकॅनिकाचा पगार वा नोकरी धोक्यात येणार नाही, याची लेखी हमी चालकांनी दिली पाहिजे.

धावपट्टीच्या उद्घाटनास पाहुणे मिळतात. वॉशर मोजणाऱ्यास कोणी हार घालीत नाही. परंतु आपली मुले ज्याच्या भरवशावर आकाशात जाणार, तो माणूस हाच आहे.