माशाची बुळबुळ आणि आपली घाई

वरूड म्हटलं की लोकांना संत्री आठवतात, मासे नाही. पण शेजारच्या मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे, आणि आता शेततळ्यातही रोहू-कटला सोडा असं सांगितलं जातं. चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की बागेत जे केलं ते तळ्यात करू नका.

बागेत काय केलं? लिंबूवर्गीय झाडांवर खैऱ्या दिसला की वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं. म्हणजे ज्या स्ट्रेप्टोमायसिनने माणसांचा टीबी बरा केला, तेच झाडांवर! तळ्यात मासे मरू लागले तरी आपला पहिला प्रश्न हाच, "कोनतं औषध टाकू?"

मित्रहो, माशाजवळ स्वतःचं औषध असतं. हातातून मासा निसटतो ती बुळबुळ म्हणजे त्याची पहिली तटबंदी. तिच्यात जंतू मारणारी प्रथिनं आणि पेप्टाइड्स असतात. २००१ मध्ये संकरित बास माशाच्या पेशींत 'पिसिडिन' सापडलं, फक्त २२ अमिनो आम्लांची साखळी. हिच्यावर धन भार, जंतूच्या पटलावर ऋण भार. ती जाऊन चिकटते, आत घुसते आणि पटल फोडते. फर्स्ट इयरच्या फिजिक्सएवढी सोपी युक्ती!

मग कोणी म्हणेल, हेच कारखान्यात बनवून खाद्यात मिसळू. इथेच थांबायला हवं. कोलिस्टिन हेही पेप्टाइड, तेही जंतूच्या पटलावरच हल्ला करतं, आणि दवाखान्यात ते शेवटचा उपाय म्हणून राखलेलं. जनावरांच्या खाद्यात ते सर्रास वापरलं गेलं. २०१५ मध्ये चीनमध्ये त्याला दाद न देणारा, एका जंतूतून दुसऱ्यात जाणारा जीन सापडला. जुलै २०१९ मध्ये भारताने पशुपालन, कुक्कुटपालन आणि मत्स्यपालनात कोलिस्टिनवर बंदी घातली. असे पेप्टाइड्स आपल्याही कातडीत, आतड्यात असतात. तळ्यातले जंतू त्यांना सरावले, तर नुकसान माशांपुरतं राहील का?

त्यापेक्षा माशाची स्वतःची ताकद टिकवणं स्वस्त. तळ्यात गर्दी झाली, उन्हाळ्यात पाणी आटून ऑक्सिजन कमी झाला की मासा ताणाखाली येतो आणि त्याची प्रतिकारशक्ती ढासळते. जाळ्यात ओढाताण झाली की बुळबुळ खरवडून निघते आणि जंतूंना दार उघडं मिळतं. आपल्या वरूड-मोर्शीत पाण्याची टंचाई नवी नाही, त्यामुळे हा धोका इथे जास्तच.

आणि हे काम डॉक्टरांचं नाही, आपलं आहे. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारं स्वस्त यंत्र, सोलरवर चालणारा एरेटर, मासा न खरचटणारं जाळं. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनो, एकदा एखाद्या शेततळ्यावर जाऊन या. औषधाची बाटली उघडण्याआधी पाणी तपासण्याची सवय शेतकऱ्याला लावू शकलो, तरी आपल्या डिग्रीचं सार्थक झालं म्हणायचं.