विश्लेषण : पायांची आग थांबली म्हणजे नस बरी झाली का?

पंजाबमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने प्रीगॅबालिन या औषधाच्या ७५ मिलीग्रॅमपेक्षा जास्त मात्रेच्या विक्रीवर निर्बंध घातले. कारण, नशेसाठी होणारा वापर. ब्रिटनने २०१९ मध्येच हे औषध नियंत्रित यादीत टाकले होते. आपल्याकडे मात्र त्याची ओळख ‘नसांची गोळी’ अशी आहे. मधुमेहामुळे पायांची आग होणारे अनेक रुग्ण ती रोज रात्री घेतात आणि संपली की जुनी स्ट्रिप मेडिकलमध्ये दाखवून नवी आणतात. ही गोळी नेमके काय करते आणि काय करत नाही?

दुखणे पायांपासूनच का सुरू होते?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या, दोन्हींना इजा होते. सर्वांत लांब मज्जातंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्रास तिथून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. मुंग्या, टाचण्या टोचल्यासारखे वाटणे, रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होणे ही त्याची लक्षणे. बोलीभाषेत ‘नस’ म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही. समाजमाध्यमांवरच्या ‘नसांचे ब्लॉकेज उघडा’ छाप व्हिडीओंचे फावते ते या गोंधळामुळेच.

औषधांनी फरक पडतो का?

पडतो, पण मर्यादित. प्रीगॅबालिन मज्जातंतूंमधून जाणारे वेदनेचे संदेश मंद करते. इजा झालेला तंतू ते दुरुस्त करत नाही. ड्युलोक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन ही मूळची नैराश्यावरची औषधेही यासाठी दिली जातात. नेटवर नाव शोधून ‘डॉक्टरांनी डोक्याची गोळी दिली’ म्हणत ती परस्पर बंद करण्याचे कारण नाही, वेदना कमी करण्याचा त्यांचा गुण वेगळा आहे.

यांतले सरस कोणते? ब्रिटनमध्ये १३ केंद्रांवर १३० रुग्णांवर झालेल्या ‘ऑप्शन-डीएम’ चाचणीत (‘लॅन्सेट’, २०२२) तिन्हींचा परिणाम जवळपास सारखाच दिसला. दहापैकी सरासरी ६.६ असलेली वेदना ३.३ वर आली. एका औषधाने पुरेसे भागले नाही, तिथे दुसऱ्याची जोड दिल्यावर आणखी आराम पडला. म्हणजे वेदना निम्मी होणे हेच इथले यश. हे आधी कोणी सांगत नाही, मग ‘गुण येत नाही’ म्हणून रुग्ण डॉक्टर बदलत राहतात.

त्यामुळे निवड ठरते ती इतर आजारांवरून. प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असलेल्या वयस्कर व्यक्तीला अमिट्रिप्टिलिन देताना जपावे लागते. प्रीगॅबालिनने चक्कर, झोप, वजनवाढ आणि पायांना सूज येऊ शकते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. जुनी स्ट्रिप दाखवून गोळी घेताना नेमके हेच तपासले जात नाही. ट्रामाडॉलसह अफूवर्गीय औषधे या दुखण्यासाठी वापरू नयेत, असे अमेरिकेतील न्यूरोलॉजी अकादमीची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

मग व्हिटॅमिनच्या गोळ्या?

प्रीगॅबालिनसोबत मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२, एकाच गोळीत देण्याची पद्धत भारतात रुळली आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते, आणि शाकाहारी व्यक्तींत ते मुळात कमी असण्याची शक्यता जास्त. या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात. तेव्हा रक्त तपासून कमतरता निघाली तर बी-१२ आवश्यकच. पण कमतरता नसताना त्याने दुखणे हटते, याला भक्कम पुरावा नाही. बी-६ च्या बाबतीत तर उलटच धोका आहे. ते जास्त प्रमाणात दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच मज्जातंतूंना इजा होते. ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये रोज १० मिलीग्रॅमपेक्षा अधिक बी-६ देणाऱ्या उत्पादनांवर तसा इशारा छापणे बंधनकारक केले. नसांसाठी घेतलेली गोळी नसांनाच बाधावी, यासारखी विसंगती नाही. स्ट्रिपवरचा बारीक मजकूर वाचण्याचे हे एक कारण.

आग थांबली, तर चांगलेच ना?

गोळीने थांबली असेल तर आराम मिळाला एवढेच. पण औषधात काही बदल नसताना वर्षानुवर्षांची आग हळूहळू नाहीशी झाली, तर तंतू आणखी निकामी होऊन पाय बधिर झालेला असू शकतो. अशा पायाला दुपारी मंदिराच्या तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही, शेकायच्या पिशवीने फोड येतो तोही कळत नाही. चप्पल पायातून निसटली तरी पत्ता नसतो. जखम दिसते तेव्हा ती चिघळलेली असते, आणि पाय कापण्याची वेळ अनेकदा अशाच एखाद्या दुर्लक्षित जखमेतून येते.

बधिरता ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून रुग्णाला तो जाणवतो का पाहायचे, ट्यूनिंग फोर्कची थरथर अंगठ्यावर कळते का पाहायचे. काही मिनिटांचे काम. टाइप २ मधुमेहात निदान झाल्यापासूनच वर्षातून एकदा ही तपासणी व्हावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यासाठी रुग्णाचे बूट-मोजे उतरवावे लागतात, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमके तेवढेच राहून जाते. ‘पाय बघता का?’ हे रुग्णाने स्वतःहून विचारायला हरकत नाही.