तलावाचे गाळणे

आमच्या मातोश्री विहिरीचे पाणी दुहेरी जाड फडक्यातून गाळीत, आणि फडक्यावर राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत परत सोडीत. वरून ओतल्यास जीव आपटून मरतील, म्हणून भांडे पाण्याला टेकेपर्यंत त्या दोरी सोडीत. हा आचार पाहिलेली वडील मंडळी आपल्या सभासदांत अद्याप पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढेच आम्हांस एक गोष्ट मांडावयाची आहे. घरी पाणी गाळून पिणारे आपण इंदूरच्या तलावांना मात्र न गाळलेले पाणी पाजीत आहोत.

सिरपूरचा तलाव होळकर संस्थानच्या काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. क्षेत्र १६१ हेक्टर. श्री. भालू मोंढे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली; मोंढे यांस २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०२२ साली सिरपूर व यशवंतसागर हे दोन्ही जलाशय रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर या भारतातील पहिल्या दोन नगरांस पाणथळ नगर म्हणून मान्यता लाभली. वाचून आम्हांसही अभिमान वाटला. परंतु यादीत नाव गेल्याने पाणी निवळत नाही.

माळव्याच्या काळ्या मातीत गहू व सोयाबीन पिकते, त्याला युरिया व डीएपी पडते, आणि तोच माल आपल्या आडतीवर येतो. आषाढात पहिला जोराचा पाऊस झाला की माती वाहून निघते. मातीला चिकटून स्फुरद व पाण्यात विरघळून नत्र तलावात उतरते. शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खाते आणि मासे तडफडून मरतात. काठावर गवत, झुडपे व झाडे यांचा रुंद पट्टा असला म्हणजे वाहते पाणी त्यात अडखळते, गाळ तेथेच बसतो, मुळे खत शोषून घेतात. हेच तलावाचे गाळणे. नाल्याने येणाऱ्या सांडपाण्यास मात्र ते पुरे पडत नाही. त्यास शुद्धीकरणाची निराळी व्यवस्थाच हवी.

आपल्या सभेत तलावाकाठी दात्यांच्या नावांची बाके, फरसबंदी व हिरवळ करण्याची सूचना आली आहे. आम्हांस ती मान्य नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी पूररेषेपासून ५० मीटरांच्या आत, होडीचे धक्के सोडून, पक्क्या बांधकामास मनाई केली आहे, हे तर आहेच. परंतु नियम नसता तरीही आम्ही विरोधच केला असता. फरशीवरून पाणी घसरते आणि हिरवळीस पुन्हा खत घालावे लागते. पूर्वी एकदा आम्ही स्वतः गुलमोहराच्या रोपांसाठी मोठ्या हौसेने देणगी दिली होती. छायाचित्र निघाले, पाटी लागली. उन्हाळ्यात पाणी घालावयास कोणी गेले नाही. पाटी तेवढी राहिली.

लावावयाचे ते या मातीत वाढणारे असावे. मागच्या उंच पट्ट्यात अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर, कळंब. त्यापुढे ओल्या जागी वाळुंज, निरगुडी व वाळा. अगदी पाण्याच्या कडेला लव्हाळा, देवनळ, पाणकणीस. पाणकणीस भराभर पसरते, म्हणून दरसाल कापून बाहेर काढावे. त्याने शोषलेले खतही त्याबरोबर बाहेर जाते. सगळाच काठ झाडांनी भरू नये, कारण चिखलात चोच घालून चरणाऱ्या पक्ष्यांस मोकळी कड लागते. आरंभी बेशरम, घाणेरी व जलपर्णी उपटावी लागेल. वनस्पती उपटणे हीही हिंसाच, असे एका वृद्ध सभासदांनी आम्हांस ऐकविले. त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु जलपर्णीच्या चटईखाली श्वास कोंडून जे मरतात, त्यांचाही हिशेब कोणी तरी मांडावयास हवा.

आता अवघड गोष्ट. आम्ही धान्याचे व्यापारी. पाखरांस दाणे टाकू नका असे सांगणे आमच्या तोंडी शोभत नाही. तथापि तलावात टाकलेली ज्वारी व कणकेच्या गोळ्या न खाल्ल्या गेल्यास तळाशी कुजतात, आणि शेवाळाप्रमाणेच प्राणवायू खातात. आमच्या पेढीवरील झाडणीचे दाणे कित्येक वर्षे पोत्यांनी सिरपूरला जात असत. पुण्य म्हणूनच जात. ज्यांस जीवदया करावयाची आहे त्यांनी तोच पैसा रोपांस द्यावा, आणि रोपांपेक्षा अधिक रक्कम पुढील तीन वर्षांची राखण, काटेरी कुंपण व उन्हाळ्याचे पाणी यांसाठी राखून ठेवावी. पहिल्या वर्षी आमच्या पेढीचा हिस्सा आम्ही देऊ. पाटी लावू नये एवढीच अट.

झाडणी आता चाळून गोशाळेस जाते. गाडीवाला जुना आहे. पहिले दोन महिने तो सवयीने तलावाकडेच वळे, आणि मुनीमजींस त्याला फोन करून परत बोलवावे लागे.