‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपरच्या गल्ल्यांत संगणक दुरुस्तीची लहान दुकाने आहेत आणि तिथे आपली पुष्कळ मुले उस्तादाच्या हाताखाली हा हुन्नर शिकतात. माल लॅमिंग्टन रोडवरून येतो. बंद पडलेला संगणक घेऊन गिऱ्हाईक आले की बऱ्याच दुकानांत दहा मिनिटांत निकाल लागतो: ‘बोर्ड गेला.’ आमचा आक्षेप या घाईच्या निकालाला आहे.

बोर्ड गेला म्हणजे एकच वस्तू गेली असे नसते. इंटेलच्या २०१३ च्या चौथ्या पिढीला ११५० सॉकेट लागतो, २०१५ च्या सहाव्या पिढीला ११५१, २०२१ च्या बाराव्या पिढीला १७००. आठव्या पिढीचा प्रोसेसर ११५१ मध्येच बसतो, पण जुन्या बोर्डावर चालत नाही. नुसता आकडा पाहून खरेदी करणारा इथे फसतो. जुन्या सॉकेटचा नामांकित कंपनीचा नवा बोर्ड सहसा मिळत नाही. मिळतो तो दुरुस्त केलेला किंवा अनोळखी छापाचा. तो नको असेल तर प्रोसेसर नवा घ्या आणि डीडीआर-३ ची रॅमही बाजूला ठेवा. हिशेबापुरता संगणक ठेवणाऱ्या बेकरीवाल्याला किंवा शिलाई कारखान्याला दुकानदाराचा एक शब्द एवढा महाग पडतो.

आणि दोष पुष्कळदा बोर्डात नसतोच. पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, तर आधी रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसावेत आणि एकच पट्टी लावून पाहावी. मुंबईच्या दमट हवेत एवढ्यानेच कितीतरी संगणक सुरू होतात. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वीजजोडणी राहून गेली तरी पंखा फिरतोच. तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपलेला असतो. एसएमपीएसचा संशय असेल तर दुसरा चांगला लावून पाहावा. तरीही दाद मिळाली नाही तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर चालवावा. ज्या चंदेरी पिशवीत तो येतो तिच्यावर नव्हे, तिच्यातून वीज वाहू शकते. बाहेर चालला तर चूक बसवण्यात आहे: बहुधा बोर्डाखाली एखादी पितळी बैठक भोक नसलेल्या जागी राहिली आहे आणि ती शॉर्ट करते आहे.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर बोर्डाला दोष देऊ नये. घरात अर्थिंग नाही, हे त्याचे नेहमीचे कारण आहे. चाळींतल्या जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास दिसते, आणि तिथे नवा बोर्ड घालूनही झिणझिण्या राहतातच. आधी वायरमनला बोलवावे.

पावसाळ्याचा विषय वेगळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो उपनगरे विसरलेली नाहीत. पाणी शिरलेला संगणक ‘चालतो का पाहू’ म्हणून लगेच सुरू करणे हाच खरा घात. वीज तोडावी, सेल काढावा, बोर्ड स्वच्छ करून पुरता वाळू द्यावा, मग बटण दाबावे.

कारागीर म्हणतील, एवढा वेळ घालवून मिळते काय? तक्रार रास्त आहे. तपासणी फुकट आणि कमाई फक्त नव्या मालावर, अशी रीत असेल तर हात आपोआप नव्या बोर्डाकडे वळतो. म्हणून आमचे मत असे की तपासणीचा मेहनताना वेगळा आणि आधी सांगून घ्यावा. डॉक्टर तपासायचे पैसे घेतो, मग कारागिराने संकोच का करावा? गिऱ्हाईक सुरुवातीला कुरकुर करील. पावतीवर मात्र काय काय तपासले ते लिहावे: रॅम बदलून पाहिली, दुसरा एसएमपीएस लावला, बोर्ड बाहेर चालवला. बोर्ड खरोखरच गेला असेल तर तो जुना बोर्ड पावतीसोबत गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. ठेवून घ्यायचा असेल तर त्याला विचारून, आणि त्याची किंमत बिलातून वजा करून.