गळतं कुठे, ठिपकतं कुठे!

मैत्रिणींनो, आषाढात आमच्या आचऱ्यात कुणाच्याही घरी जा, एखाद्या कोपऱ्यात पातेलं मांडलेलं दिसणारच. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. कौलारू घर म्हटलं की थेंब यायचाच, असं म्हणून आपण सोसतो. फारच झालं तर कौलं चाळायला गडी बोलावतो. तो पातेल्याच्या बरोबर वरचं कौल बदलतो, मजुरी घेतो, आणि पुढच्या सरीला पातेलं पुन्हा त्याच जागी!

पाणी शिरतं एकीकडे आणि ठिपकतं दुसरीकडे. शिरण्याची जागा घरातल्या बाईलाच शोधता येईल, कारण सर कोसळत असते तेव्हा गडी नसतो, आपण असतो.

आधी वेळ पाहा. सर येताक्षणी ठिपकू लागलं तर बहुधा कौल फुटलंय किंवा सरकलंय. साध्या पावसात कोरडं आणि समुद्राकडून वारा सुटला की ओलं, तर पाणी झडीबरोबर सांध्यांतून नाहीतर भिंतीच्या अंगाने येतंय. पाऊस थांबून दोन तास झाले तरी ओघळ आहेच, तर पन्हळीत किंवा स्लॅबवर पाणी साचलेलं असणार. आणि ओल जमिनीलगत हातभरच असेल, वर पांढरी लोण्याची पूड धरत असेल, तर छपराला बोल लावू नका. ती ओल जमिनीतून चिऱ्यात चढलेली. मी कॅलेंडरच्या चौकोनातच ‘वारा’, ‘सर’ असं खरडून ठेवते. चार नोंदींत बरंच कळतं.

आता मंगलोरी कौलाची गंमत ऐका. बाझल मिशनने १८६५ साली मंगळुरास कारखाना काढला, तिथून ही कौलं पसरली. एकाची खाच दुसऱ्यात बसते, हीच त्यांची खुबी. पण खाचेत पाचोळा, शेवाळ साठलं की पाणी तुंबतं आणि आत उलटतं. कौल अखंड, तरी गळती! आत आलेलं पाणी रिपेवरून वाशावर येतं, वाशाच्या पोटाला धरून उताराने खाली धावतं आणि गाठ किंवा खिळा लागला की थेंब सोडतं. म्हणून थेंबापासून आढ्याकडे, वरच्या अंगाला शोधायचं. पाऊस चालू असताना बॅटरी मारून ओली रेघ कुठून सुरू होते ते पाहा आणि हात पोचत असेल तर तिथे खडूची खूण करा. (खडू आम्हा शिक्षिकांच्या पर्समध्ये असतोच!)

आमच्या शेजारी देव्हाऱ्यापाशी तीन पावसाळे ठिपकत होतं. रेघ शोधली तर ती सहा हात वर सुरू होत होती. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात तिथली कौलं उडाली होती आणि घाईत मिळतील ती, दुसऱ्या कारखान्याची, बसवली होती. खाचेत खाच बसतच नव्हती.

उघडीप मिळाली की भर दुपारी दारं-खिडक्या लावून, दिवे मालवून वर पाहा. फुटकं कौल उजेडाच्या टिकलीने स्वतःच सांगतं. तरीही सापडलं नाही तर बाहेरून पाणी ओतवून पाहा, पण वळचणीकडून सुरुवात करून वर वर. एकेका जागी दहा मिनिटं, आणि आत एकीने डोळे लावून बसायचं. वरूनच ओतलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही.

शेवाळलेल्या कौलांवर स्वतः चढू नका, बरं का. थेंब बोर्डाजवळ किंवा बल्बच्या होल्डरजवळ असेल तर शोध नंतर, मेन स्विच आधी बंद. आणि ‘पुढच्या मेमध्ये बघू’ असंही म्हणू नका. वासा कुजला की खर्च कौलापुरता राहत नाही, आणि तो मुंबईहून येणाऱ्या पैशांतूनच भागवायचा असतो.

गडी आला की त्याला पातेलं दाखवू नका, खडूची खूण दाखवा. काम झाल्यावर तो शिडीवरून उतरायच्या आत दोन कळश्या पाणी त्याच्याच हातून ओतवून घ्या. मजुरी त्यानंतर.