शांतता काळ कुणासाठी?

मतदान संपण्याआधीचे 48 तास प्रचार बंद. कलम 126 टीव्हीवरच्या प्रचारालाही मनाई करतं. मग 2024 ला काय पाहिलं आपण? कोल्हापूर-सांगलीचं मतदान 7 मे ला, मुंबईचं 20 ला. इकडे गल्लीतला भोंगा गप्प, आणि घरातल्या टीव्हीवर पुढच्या टप्प्यातल्या सभा लाइव्ह! गरीब अपक्षाने तेव्हा कोपरा सभा घेतली तर गुन्हा, बड्या नेत्याचं तासभराचं भाषण मात्र 'बातमी'. चॅनलवाले म्हणणार, आम्ही फक्त दाखवतो. अहो, मग सगळ्यांच्या सभा दाखवा की! दूरदर्शनवर निदान मान्यताप्राप्त पक्षांना वेळ वाटून तरी मिळतो. प्रत्येक टप्प्याच्या त्या 48 तासांत सभांचं लाइव्ह देशभर बंद ठेवा. नाहीतर भोंगेही सुरू राहू द्या.